दुखणं जुनं, चिठ्ठी हातात, गोळी मिळेना: गोव्यातल्या रुग्णांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे यजमान खाणीवरच्या ट्रकवर होते. मणक्याचं ऑपरेशन झालं, तरी डाव्या पायातली कळ काही गेली नाही. त्यांच्या गोळ्यांसाठी फार्मसी, ओपीडी आणि सरकारी खिडक्या फिरताना डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा भागातली अशीच बरीच घरं ओळखीची झाली. त्या घरांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही, म्हणून डोस कुठेही सांगितलेला नाही. कायदा आणि व्यवहार मात्र नीट समजून घेऊन लिहिला आहे.

एमआरआय नॉर्मल आला. मग माझं दुखणं खरं नाही का?

खरं आहे. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उठणाऱ्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, तिला स्वतःची जागा आहे. एमआरआय हाड आणि गादी दाखवतो, वेदना दाखवत नाही. गादी सरकलेली दिसूनही काहीच न दुखणारी माणसं असतात. उलट नागीण बरी होऊन कातडी स्वच्छ झाल्यावरही त्या पट्ट्यात महिनोन्महिने आग होणारी माणसं असतात. मधुमेहात तळपायांची जळजळ होते, ती कुठल्याच एक्स-रेत दिसत नाही. घरातलंच कोणी "रिपोर्ट तर चांगला आहे, मग कण्हतोस कशाला?" असं म्हणालं, तर त्यांना हे वाचायला द्या.

चिठ्ठी असूनही फार्मसीवाले "आमच्याकडे नाही" का म्हणतात?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. बहुतेक वेळा तो ट्रॅमाडॉलबद्दल असतो, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीच्या पण सौम्य वेदनाशामक गोळीबद्दल.

ट्रॅमाडॉल आधीपासून शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे विक्रीवर जादा नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत आहे. हे शेड्यूल 2014 मध्ये लागू झालं. त्यातलं औषध विकताना फार्मसीला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहावं लागतं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. पुढे एप्रिल 2018 मध्ये केंद्र सरकारने ट्रॅमाडॉलला अमली पदार्थांच्या कायद्याखाली, म्हणजे 1985 च्या एनडीपीएस कायद्याखाली आणलं. गैरवापर खरोखर होत होता, त्यामुळे त्या निर्णयामागे कारण होतं. पण त्या दिवसापासून छोट्या फार्मसीवाल्याच्या दृष्टीने ही गोळी म्हणजे कागदपत्रं, तपासणी आणि पोलीस. महिन्याला चार स्ट्रिप खपणार आणि त्यासाठी एवढी जोखीम घ्यायची, त्यापेक्षा माल ठेवायचाच नाही असं अनेकांनी ठरवलं. त्यात गोवा म्हणजे किनारपट्टी, पार्ट्या आणि ड्रग्जच्या बातम्या. त्या बातम्यांचा त्रास वाळपईच्या म्हातारीला भोगावा लागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

एकदा मी एका काउंटरवर उभी होते. माझ्यापुढे साठीच्या एक काकी होत्या. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी घडी घालून घालून फाटायला आलेली चिठ्ठी काढली. काउंटरवरच्या मुलाने ती न उलगडताच विचारलं, "कोणासाठी?" काकी म्हणाल्या, "माझ्यासाठीच रे बाबा." त्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली. काकींनी काही न बोलता चिठ्ठी परत घडी केली. त्या चिठ्ठीवर एकूण किती गोळ्या द्यायच्या ते लिहिलेलंच नव्हतं. त्याने नीट वाचून तेवढं सांगितलं असतं, तर काकी डॉक्टरकडून लिहून आणू शकल्या असत्या. नकारापेक्षा त्या नजरेने माणूस जास्त खचतो.

फार्मसीवाल्याला असं नाकारता येतं का?

माल नसेल तर तो काय करणार? पण चिठ्ठी अपुरी असेल, तर नाकारणं हे त्याचं कर्तव्यच आहे. म्हणून आधी आपली चिठ्ठी बघा. औषधांच्या नियमांप्रमाणे तिच्यावर डॉक्टरची सही आणि तारीख हवी, रुग्णाचं नाव आणि पत्ता हवा, औषधाचा डोस हवा आणि एकूण किती द्यायचं तेही हवं. पत्ता आणि एकूण गोळ्या या दोन गोष्टी घाईच्या ओपीडीत हमखास राहतात. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असलेला शिक्का आणि औषधाचं मूळ नाव सुवाच्य अक्षरात असेल, तर निम्मी कटकट तिथेच मिटते.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं, असा नियम आहे. पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरने तसं चिठ्ठीवरच लिहावं लागतं, किती वेळा आणि किती दिवसांच्या अंतराने. औषध दिल्यावर फार्मसीवाला चिठ्ठीवर आपलं नाव-पत्ता आणि तारीख टाकतो, ती याचसाठी. त्यामुळे गेल्या महिन्याचीच चिठ्ठी घेऊन गेलात आणि तो नाही म्हणाला, तर तो अडवणूक करत नाही. डॉक्टरांच्या खोलीतून उठण्याआधी विचारा, "दर महिन्याला घ्यायची आहे, तसं चिठ्ठीवर लिहून देता का?" काही डॉक्टर लिहितात, काही दर महिन्याला बघूनच देतात. दोन्ही रास्त आहे, पण कुठलं ते आधी कळलं तर कदंबाच्या बसची एक फेरी वाचते.

आणि एकच फार्मसी धरा. दर वेळी वेगळ्या दुकानात गेलं की प्रत्येक दुकानात आपण नवखे आणि संशयित. एकाच ठिकाणी आजाराचे कागद दाखवून ठेवले, गोळी कधी संपणार ते आठवडाभर आधी सांगितलं, की बरेच फार्मसीवाले माल मागवून ठेवतात. आमचं गाडं असंच रुळावर आलं.

घरात किती गोळ्या ठेवता येतात? पोलिसांनी पकडलं तर?

ट्रॅमाडॉल कायद्याच्या भाषेत मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांत मोडतं. स्वतःच्या उपचारासाठी अशा औषधांच्या एका वेळी 100 मात्रांपर्यंत (एक गोळी म्हणजे एक मात्रा) जवळ ठेवायला नियमाने मुभा आहे. दीर्घकाळच्या उपचारासाठी डॉक्टरने तसं खास लिहून दिलं असेल, तर 300 पर्यंत. मॉर्फिनसारख्या औषधाचं वेगळं आहे. नियमाप्रमाणे एका वेळी जेवढं तुम्हाला दिलं गेलं, तेवढं तुम्ही जवळ ठेवू शकता.

गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच असू द्या. कापून, सुट्या करून डबीत भरू नका. स्ट्रिपसोबत चिठ्ठी आणि बिल ठेवा, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्येही असू द्या. उपचारासाठी औषध घेणं हा गुन्हा नाही. कायदाच वैद्यकीय वापराला वाट देतो.

फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांकडून चिठ्ठी घेता येईल का?

या औषधांसाठी नाही. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एनडीपीएस कायद्यात येणारी औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत. ट्रॅमाडॉल त्यात आलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हा नियम क्रूर ठरतो असं माझं मत आहे, पण आज तो आहे. डॉक्टर फोनवर नाही म्हणाले तर रागावू नका, घरी येऊन तपासतील का ते विचारा. पॅरासिटामॉल किंवा नसांच्या दुखण्यावरची इतर काही औषधं फोनवरून चालू ठेवता येतात.

मॉर्फिन गोव्यात मिळतं का?

मिळतं, पण कोपऱ्यावरच्या फार्मसीत सहसा नाही. यामागची कहाणी सांगण्यासारखी आहे.

आपला देश सरकारी परवान्याने अफू पिकवणारा देश. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात ती पिकते आणि गाझीपूर व नीमचच्या सरकारी कारखान्यांत जाते. याच अफूपासून मॉर्फिन बनतं. आणि याच देशात कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली माणसं मॉर्फिनवाचून विव्हळत गेली. 1985 च्या कायद्यानंतर एकेका रुग्णालयाला त्यासाठी चार-चार, पाच-पाच परवाने लागत, आणि एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. केरळमध्ये वेदनाशमनाचं काम करणारे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अखेर 2014 मध्ये कायदा बदलला आणि 2015 मध्ये नवे नियम आले. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन आणि कोडीन ही सहा औषधं "अत्यावश्यक" ठरली. आता परवान्यांची ती रांग नाही. राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. संस्थेत वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला निदान एक डॉक्टर असावा लागतो.

म्हणजे गोव्यात ही मान्यता देणारं खातं अन्न व औषध प्रशासन, आणि औषध मिळणार ते मान्यताप्राप्त संस्थेतच. कॅन्सरचा रुग्ण असेल तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच सरळ विचारा, "दुखण्यासाठी मॉर्फिनची गरज आहे का, आणि ते कुठून मिळेल?" आजार पुढच्या टप्प्यात असेल आणि घरी सांभाळणं जमत नसेल, तर लोटलीचं शांती अवेदना सदन अशाच कॅन्सर रुग्णांसाठी आहे.

"मॉर्फिन सुरू केलं म्हणजे आता दिवस मोजायचे" असं समजून नातेवाईकच ते थांबवतात. असं करू नका. नीट देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने माणूस उठून बसतो, दोन घास खातो, झोपतो.

मग माझ्या कंबरदुखीला मॉर्फिन का देत नाहीत?

कारण कॅन्सरच्या वेदनेला ते जेवढं उपयोगी पडतं, तेवढं वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीला किंवा सांधेदुखीला पडत नाही. शरीर सरावतं, डोस वाढवावा लागतो, बद्धकोष्ठता आणि गुंगी वाढते, फायदा मात्र आटत जातो. इथे डॉक्टर हात आखडता घेतात ते योग्यच आहे. पण "मॉर्फिन नाही" म्हणजे "काहीच नाही" नव्हे. नसांच्या दुखण्यावर गाबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आहेत, नस बधिर करणारी इंजेक्शनं आहेत, फिजिओथेरपी आहे. एखाद्या डॉक्टरने "आता याच्यासोबतच जगायचं" म्हणून हात झटकले, तर दुसरं मत घ्या.

डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली. माझं दुखणं मनाचं आहे असं त्यांना वाटतं का?

नाही. अमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन मेंदू आणि मज्जारज्जूतून वेदनेचा निरोप नेणाऱ्या वाटांवर काम करतात, म्हणून नसांच्या दुखण्यात देतात. गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून दिली आणि "फरक नाही" म्हटलं, असं खूप घरांत होतं. फक्त ट्रॅमाडॉल चालू असेल तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगा. काही जोड्या एकत्र घेतल्याने फिट येण्याचा धोका वाढतो.

या गोळ्यांची सवय लागेल का?

ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन काही आठवडे रोज घेतलं की शरीर त्यावर अवलंबून राहतं. अचानक थांबवलं तर घाम, जुलाब, अस्वस्थपणा, झोप उडणं असा त्रास होतो. हे कोणाच्याही शरीरात होऊ शकतं, त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही गोळीमागे धावतो, दुखणं नसताना घेतो, लपवतो, डोस आपल्याच मनाने वाढवतो. यातलं काही आपल्या माणसात दिसलं तर आरडाओरडा न करता त्याच डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहे. घरात आधी दारूचं किंवा कसलंही व्यसन असेल तर तेही सुरुवातीलाच सांगावं. लपवून ठेवण्याने धोका वाढतो.

डॉक्टर बदलले आणि नव्यांनी गोळी एकदम बंद केली. काय करू?

थांबा आणि त्यांच्याशी बोला. एकदम बंद करणं धोक्याचं आहे.

अमेरिकेत मॉर्फिनच्या जातीच्या गोळ्यांचा अतिरेक झाला, माणसं मेली, म्हणून 2016 मध्ये तिथल्या सीडीसीने, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातले डोसचे आकडे अनेक ठिकाणी कठोर मर्यादा म्हणून वापरले गेले आणि वर्षानुवर्षं नीट गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या गोळ्या एका भेटीत तोडल्या गेल्या. 2019 मध्ये तिथल्याच एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याने, इशारा दिला की अशा अचानक बंदीने तीव्र त्रास, असह्य वेदना आणि आत्महत्यासुद्धा घडल्या आहेत. 2022 मध्ये सीडीसीने सूचना सुधारल्या आणि त्या आकड्यांना कठोर नियम समजू नका, असं स्पष्ट म्हटलं. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. इथे मुळात गोळी पोचतच नाही. पण "एकदम बंद" हा प्रकार इथेही होतो, आणि शरीर तेच आहे.

म्हणून नव्या डॉक्टरांना म्हणा, "बंद करायची असेल तर हळूहळू कमी करू या, तसं वेळापत्रक लिहून द्या." जुना केसपेपर आणि आधीच्या चिठ्ठ्या तारीखवार लावून न्या. नऊ डॉक्टरांचे नऊ कागद पिशवीत कोंबून नेले की डॉक्टरलाही शंका येते.

गोळी मिळाली नाही की डायक्लोफिनॅक जास्त घेतो. चालेल?

चालत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. कागदपत्रांची भानगड नाही म्हणून ही औषधं निरुपद्रवी वाटतात. पण डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन महिनोन्महिने घेतली तर पोटात अल्सर होऊ शकतो आणि मूत्रपिंडं खराब होऊ शकतात. बीपी किंवा मधुमेह असणाऱ्यांना धोका आणखी. दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत हेच औषध असू शकतं, ते स्ट्रिपवर वाचा. पॅरासिटामॉलही जादा झालं तर यकृताला घातक, आणि ट्रॅमाडॉलच्या बऱ्याच गोळ्यांत ते मिसळलेलं असतं. म्हणजे वरून वेगळी पॅरासिटामॉल घेतली की दुप्पट झालं.

सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या तर मुळीच घेऊ नका. दोन दिवसांत जादू झाली, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता धरा.

थोडी फेणी घेतली तर?

नाही. मे महिन्यातली हुर्राकसुद्धा नाही. ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनवर दारू किंवा झोपेची गोळी पडली की श्वास मंदावतो. माणूस हाका मारूनही उठत नसेल, श्वास अडखळत असेल, तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करा.

बांबोळीला दर महिन्याला जाणं जमत नाही.

खरंय. काणकोण किंवा सांग्याहून दुखऱ्या कमरेने दोन बस बदलून जायचं, रांगेत बसायचं आणि संध्याकाळी परतायचं, म्हणजे पुढचे दोन दिवस अंथरुणात. पहिल्यांदा तिथे जाऊन निदान आणि औषधांचा आराखडा लिहून घ्या. तो कागद घेऊन म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात, नाहीतर जवळच्या आरोग्य केंद्रात पुढची देखरेख होईल का ते विचारा. भूल देणाऱ्या डॉक्टरांपैकी काहींनी वेदनेच्या उपचाराचं खास प्रशिक्षण घेतलेलं असतं, म्हणून भूलशास्त्र विभागात चौकशी करायला विसरू नका. दोडामार्ग-सावंतवाडीहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, गोव्याबाहेरच्या रुग्णांना बांबोळीला 2018 पासून शुल्क लागू झालं आहे, तेव्हा आपल्या आरोग्य योजनेचे कागद सोबत आणावेत.

मुलगा दुबईला आहे, त्याच्याकडे जायचं आहे. गोळ्या नेऊ का?

परवानगी घेतल्याशिवाय नेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉलवर कडक नियंत्रण आहे आणि प्रवाशांना तिथल्या सरकारकडून आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. इथली चिठ्ठी तिथे एकटी पुरत नाही. तिकीट काढण्याआधी मुलाला हे काम सांगा.

रात्री वाटतं, असं जगण्यापेक्षा…

हे मनात आलं तर कोणाला तरी सांगा, आत्ताच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे. घरातल्यांनो, दुखण्याने झोप नसलेला माणूस "कंटाळलो" म्हणाला तर विषय बदलू नका, शेजारी बसा आणि गोळ्यांचा साठा आपल्या ताब्यात ठेवा.

फार्मसीने किंवा रुग्णालयाने अपमान केला तर तक्रार कुठे?

औषधविक्रीबाबत अन्न व औषध प्रशासनाकडे, सरकारी रुग्णालयाबाबत तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांकडे, लेखी. तारीख, वेळ, औषधाचं नाव आणि काय बोलणं झालं एवढं लिहा, आणि पोच घ्या.

चतुर्थीत फार्मसी बंद असतात, तेव्हा काय करायचं?

चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात चिठ्ठी नवी करून घ्या. एरवीही दुपारी एक ते साडेतीन-चार आणि रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून शेवटची स्ट्रिप फोडली की लगेच सांगून ठेवायचं.

उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यांना दिल्या तर? त्यांनाही तेच दुखणं आहे.

देऊ नका. त्यांचं मूत्रपिंड, त्यांची इतर औषधं तुम्हाला ठाऊक नाहीत, आणि कायद्यानेही ते चालत नाही. रुग्ण गेल्यानंतर उरलेलं मॉर्फिन ज्या संस्थेतून आणलं तिथेच परत करा. बाकीच्या गोळ्यांचं काय करायचं ते तुमच्या फार्मसीवाल्याला विचारा, आणि तोवर त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलपात ठेवा.